एकोण...

चिंचपोकळी हे कितवं स्टेशन, यावरून माझी आणि नातीची गेल्या चार महिन्यांत सहा वेळा कट्टी झाली आहे. मी म्हणतो चौथं, ती म्हणते पाचवं. सीएसएमटीहून स्लो गाडी निघाली की मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा आणि चौथी आपली चिंचपोकळी. भायखळा गेलं की उठायचं आणि दाराशी जायचं, एवढं ज्ञान मला साठ वर्षं पुरलं. नात दुसरीत आहे. तिचं म्हणणं असं, की सीएसएमटी हेसुद्धा स्टेशनच आहे. "आबा, तू चढलास ते स्टेशन मोजायचंच नाही? मग तू चढलास कुठून?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्या भागातल्या थोरामोठ्यांकडेही नाही. आमच्या चिंतामणी गणपतीचं मंडळ १९२० सालचं. पहिला गणपती १९२० चा धरला तर शंभरावा येतो २०१९ सालचा. पण मंडळाला शंभर वर्षं पूर्ण होतात २०२० साली. हे दोन्ही एकदम खरं कसं असू शकतं, यावर चाळीच्या गॅलरीत बँकेतून निवृत्त झालेली माणसं बोटं मोडून भांडलेली मी पाहिली आहेत. तेव्हा सात वर्षांच्या मुलीपुढे हरण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घालतो आणि पुढच्या वेळी पुन्हा चौथंच म्हणतो.

तर या नातीच्या वर्गाच्या ग्रूपवर एका बुधवारी रात्री संदेश आला. उद्या अकरा वाजता गावाकडच्या एका शाळेबरोबर व्हिडिओ कॉलवर संख्यांचा खेळ आहे, मोबाइल धरायला एक पालक हवा. मुलगा आणि सून दोघंही त्या वेळी लोकलमध्ये किंवा मीटिंगमध्ये असतात. घरात रिकामा आणि हात न थरथरणारा माणूस मी. शाळा चालत सात मिनिटांवर. माझी नेमणूक स्टँड म्हणून झाली.

"आजोबा, तुम्ही फक्त हलू नका आणि मध्ये बोलू नका," बाई म्हणाल्या. घरीही माझ्याकडून साधारण हीच अपेक्षा असते, त्यामुळे काम नवं वाटलं नाही.

फोनचा डोळा वर्गाकडे आणि समोरच्या शाळेचं चित्र भिंतीवरच्या टीव्हीवर, अशी रचना होती. समोरची शाळा देवगड तालुक्यातल्या एका वाडीवरची, जिल्हा परिषदेची. ते बाईंचं माहेर, आणि तिथले गुरुजी बाईंच्या भावाचे मित्र. आंतरशालेय सहकार्य म्हणतात ते आमच्याकडे असं सुरू होतं. आमच्या वर्गात एकतीस मुलं. त्यांच्याकडे दुसरीत पाच. पण खेळ म्हटल्यावर पहिली ते चौथी सगळी पडवीत येऊन बसली होती, कारण रेंज फक्त पडवीच्या उजव्या कोपऱ्यात येते. गुरुजींनी फोन पायलीला टेकवून ठेवला होता. ती पायली मापं शिकवायला आणलेली. मला तिचा हेवा वाटला. स्टँड म्हणून ती माझ्यापेक्षा स्थिर होती आणि तिला कोणी बोलू नकोस असं सांगावं लागत नव्हतं.

खेळ सोपा. एका वर्गाने शंभरपर्यंतची एक संख्या मनात लपवायची. दुसऱ्या वर्गाने प्रश्न विचारायचे, पण असे, की उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' यावं. दहा प्रश्नांत संख्या पकडायची. जगभरच्या शाळांमध्ये हा खेळ बरीच वर्षं चालू आहे. मोठ्या मुलांसाठी त्यात संख्येच्या जागी गाव असतं. पडद्यावरचा वर्ग पृथ्वीच्या पाठीवर कुठे बसला आहे, ते हो-नाहीतून हुडकायचं. 'मिस्ट्री स्काइप' असं त्याचं नाव होतं. २०२५ च्या मे महिन्यात स्काइपच बंद झालं, खेळ दुसऱ्या खिडक्यांतून चालू राहिला. आपल्याकडे असली खिडकी गाजली ती माढा तालुक्यातल्या परितेवाडीमुळे. तिथले रणजितसिंह डिसले गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत बसून देशोदेशींच्या वर्गांशी बोलायचे. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलरचं, आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. त्या दिवशी चाळीत कौतुक चाललं होतं त्यांच्या दानतीचं. मी कॅल्क्युलेटरवर ५ लाखाला ९ ने भागलं आणि सगळ्या काचेवर पाचच पाच उमटले. मला त्या माणसाबद्दल आदर होताच. पण भागाकारसुद्धा इतका देखणा निघावा, हे जरा जास्तच झालं.

पहिली पाळी त्यांची होती. आमच्या वर्गाने ३७ लपवली. वाडीवरची मुलं शांतपणे विचारत गेली. पन्नासच्या पुढे आहे का? पंचविसाच्या पुढे आहे का? सदतिसाच्या पुढे आहे का? हा प्रश्न ऐकून आमच्या बाजूला सहा मुलांनी तोंडावर हात दाबला, त्यामुळे खरं तर तिथेच संपलं होतं; पण त्यांनी नियमाने आणखी तीन प्रश्न विचारले आणि सहाव्याला पकडली. गुरुजींनी त्यांना शिकवलं होतं म्हणे, की हरवलेली कोंबडी शोधताना एकेका झुडपात वाकून बघत बसायचं नाही, आधी अर्धं आवार बाद करायचं. मी उभ्या उभ्या मनातल्या मनात करून पाहिलं. शंभराचे पन्नास, पन्नासचे पंचवीस, मग तेरा, सात, चार, दोन, एक. सात घड्यांत शंभराचा कागद मुठीत मावतो. म्हणजे नीट विचारलं तर सात प्रश्नांपुढे जायची गरजच नाही. जन्मभर हिशेब लिहून हे मला कधी सुचलं नव्हतं. मी हरवलेला चष्मासुद्धा एकेका झुडपात वाकून शोधतो.

मग आमची पाळी आली. समोरून दोन वेण्या घातलेली एक मुलगी पुढे सरकून बसली. संख्या तिने लपवली होती. आमच्याकडून पहिला प्रश्न गेला, "पाच आहे का?" नाही. "सहा आहे का?" नाही. "सात?" बाईंनी कपाळाला हात लावला. मला मात्र ती मुलं फार ओळखीची वाटली. लॉटरीची तिकिटं घेणाऱ्या, एकेका आकड्यावर जीव लावणाऱ्या आमच्याच भागातल्या माणसांची नातवंडं ती. १९६० नंतरच्या काळात इथे मटका जोरात होता तेव्हा गिरणीतून सुटलेला माणूस पान खाता खाता 'ओपन काय आला' विचारायचा, आणि गल्लीतल्या पोरांना शून्य ते नऊ आकडे शाळेत जाण्याआधी यायचे. ते शिक्षण कोणत्याही योजनेत बसणारं नव्हतं, म्हणून त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

हळूहळू बाईंच्या नजरेने म्हणा, वर्ग भानावर आला. पन्नासच्या पुढे आहे का? हो. सम आहे का? नाही. पंचाहत्तरच्या पुढे आहे का? नाही. आता कुठे अंगणात कोंबडी दिसायला लागली होती. एवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "चिंचपोकळीच्या अलीकडे आहे का?"

यात त्याची चूक नाही. वर्गाच्या भिंतीवर बाईंनी संख्यारेषा काढली आहे, ती लोकलच्या रुळांसारखी. शून्याजवळ सीएसएमटी, मग एकेक स्टेशन, आणि शंभरापाशी कल्याण. मुलांना संख्या पुढे-मागे कळावी म्हणून केलेली ती युक्ती. आमच्या मुलांच्या डोक्यात चिंचपोकळी हे एक माप आहे, शेर किंवा मीटर असावं तसं. वाडीवरच्या पडवीत मात्र शांतता पसरली. दोन वेण्यांची मुलगी गुरुजींकडे बघायला लागली. मग तिने अगदी खरेपणाने विचारलं,

"चिंचपोकळी म्हणजे किती?"

एकतीस मुलं हसली. मी हललो, टीव्हीवर आमचा वर्ग तिरका झाला, बाईंनी डोळे वटारले. मला हसू आलं ते वेगळ्याच कारणाने. हे गाव म्हणजे किती, असा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता. चिंचपोकळी म्हणजे कुठे, हे सांगण्यात हयात गेली. फास्ट थांबत नाही म्हणून बाहेरच्या पाहुण्यांना आमचं स्टेशन दिसतच नाही; त्यांना लालबाग माहीत असतं, आर्थर रोडचा तुरुंग माहीत असतो, कस्तुरबा रुग्णालय माहीत असतं. या सगळ्यांच्या मधली जी जागा, तिथे आम्ही राहतो. नावातच चिंच आणि पोकळी. चिंचा मी लहानपणीही फारशा पाहिल्या नाहीत. पोकळी होती, ती टॉवरवाल्यांनी भरून काढली.

गुरुजींनी तो प्रश्न मोजला नाही, उदार माणूस. पण उरलेले प्रश्न आमच्या शूरांनी पुन्हा एकेका झुडपात वाकून संपवले. त्रेपन्न आहे का, एकसष्ट आहे का, असं करत दहा झाले. दुसरीचा वर्ग म्हणजे पुढचे दात पडलेल्यांची सभा. 'त्रेसष्ट' हा शब्द त्या फटीतून जाताना निम्मा वाऱ्यावर जातो आणि समोरच्या बाजूला काय पोचतं ते देव जाणे. अखेर वर्गाने एका सुरात "हरलो, सांगा" म्हटलं. दोन वेण्यांची मुलगी हसली, फोनच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली,

"एकोण—"

आणि रेंज गेली.

चित्र होतं तिथे थांबलं. तोंड अर्धवट उघडं, एक वेणी हवेत, मागे पायलीची सावली. बाईंनी कॉल पुन्हा लावला, पुन्हा लावला, गुरुजींच्या साध्या नंबरावर लावून पाहिला. तिकडे विजांचा पाऊस सुरू झाला होता असं संध्याकाळी कळलं. इकडे वर्गात गदारोळ उठला. एकोणसाठ! नाही, एकोणसत्तर!

आता हे फक्त मराठीत होऊ शकतं, असं मला त्या क्षणी वाटलं. हिंदीचा उनतीस-उनतालीसचा कारभार आठवून मी ते लगेच मागे घेतलं. पण विचार करा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत आठ संख्या अशा आहेत, की त्यांचा पूर्वार्ध ऐकून एवढंच कळतं, की कशाला तरी एक कमी आहे. कशाला, ते पुढच्या श्वासात. आणि तो श्वास रेंजच्या हवाली. आमच्याकडे आधी एकक बोलतो, मग दशक. बावीस म्हणजे दोन आणि वीस, पंचवीस म्हणजे पाच आणि वीस. लिहिताना मात्र वीस आधी. दुसरीतलं मूल 'पंचवीस' ऐकून आधी ५ लिहून बसतं आणि त्याला आपण बेशिस्त म्हणतो.

फोनवर अशा उलट्या नावांची पंचाईत होते, हे एका अख्ख्या देशाने मान्य केलं आहे. नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखंच 'पाच-आणि-वीस' म्हणायचे. टेलिफोनचे नंबर तोंडी सांगताना, लिहून घेताना घोळ व्हायला लागले, तेव्हा टेलिफोन खात्याने आग्रह धरला आणि १ जुलै १९५१ पासून सरकारी फर्मान निघालं, की यापुढे 'वीस-पाच' म्हणायचं. देशाच्या तोंडातली संख्या तारेसाठी बदलली. तरी म्हाताऱ्यांनी जुनं सोडलं नाही, आणि त्यांचं ऐकून नातवंडांतल्या काहींनीही नाही, असं म्हणतात. मला ते एकदम पटलं. जर्मनीत भाचा राहतो, त्याची मुलगी तिथल्या शाळेत जाते. जर्मन भाषेतही पाच-आणि-वीसच. पण तिथे गणिताच्या एका प्राध्यापकांच्या पुढाकाराने 'वीस-एक' याच नावाची संस्था निघाली आहे, नव्या पद्धतीचा प्रचार करण्यासाठी. भाचा म्हणतो, "मामा, आमच्या पोरीला तरी अडचण नाही, मराठीत आणि जर्मनमध्ये तिचं एकाच पद्धतीने चुकतं."

आपल्याकडे हे वादळ २०१९ च्या जूनमध्ये येऊन गेलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं आणि महाराष्ट्र भडकला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जोडाक्षरांच्या नावांनी मुलं बिचकतात, दक्षिणेतल्या भाषांत दशक आधीच म्हणतात, आणि जुनी नावं काही हद्दपार केलेली नाहीत. ऐकायला वेळ कोणाला? विधानसभेतही मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'चं आता काय करायचं, अशी कोटी झाली. आमच्या गॅलरीतही झाली, आणि त्यात मी आघाडीवर होतो हे कबूल करायला हवं. 'मातृभाषेचा खून' इथपर्यंत मी पोचलो होतो. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. वर्गात स्टँड म्हणून उभा असताना, दात पडलेली मुलं 'त्रेसष्ट'शी झुंजताना पाहून, मला त्यांना एक पोस्टकार्ड टाकायला हवं होतं असं वाटलं.

अर्थात माझं मन पूर्ण पालटलेलं नाही. त्याच रात्री मी हिशेब करून पाहिला. समजा त्या मुलीने 'पन्नास नऊ' म्हणायचं ठरवलं असतं आणि 'पन्नास' म्हणताच रेंज गेली असती. संख्या विषम आहे हे माहीत, त्रेपन्न विचारून बाद झालेलं. मग एक्कावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, एकोणसाठ, चार शक्यता उरल्या असत्या. 'एकोण'ने फक्त दोन ठेवल्या. म्हणजे कोडं सोडवायला आपली जुनी पद्धत सरस निघाली. बाजारात मात्र उलट. भाजीवाल्याने 'पन्नास' म्हणून तोंड फिरवलं तर खिशाला अंदाज येतो, 'एकोण' म्हणून फिरवलं तर माणूस तिथेच उभा राहील. हे मी मुलाला समजावून सांगायला गेलो, तो म्हणाला, "बाबा, झोपा आता."

गुरुवार ते सोमवार नातीच्या वर्गात दोन पक्ष पडले. साठवाले आणि सत्तरवाले. डबा खाताना वेगळे बसायला लागले. सत्तरवाल्यांचा पुरावा असा, की मुलगी हसत होती, आणि मोठी संख्या लपवलेली असली की माणूस जास्त हसतो. साठवाल्यांनी थांबलेल्या चित्राच्या फोटोतल्या तिच्या तोंडाचा आकार तपासला. त्याचा उपयोग नव्हता, कारण साठ आणि सत्तर दोन्ही 'स'पासूनच सुरू होतात. आमची नात साठवाल्यांत होती, पण तिला दुसराच प्रश्न छळत होता.

"आबा, एकोणसाठ साठच्या आधी येते ना? मग तिला साठचं नाव का? तिचं स्वतःचं नाव नाही?"

मी म्हटलं, नऊवाल्यांची हीच परिस्थिती आहे. स्वतःची खोली नाही, पुढच्या घराच्या ओट्यावर झोपतात. चाळीत असे पुष्कळ असायचे. पत्ता विचारला तर सांगायचे, अमक्याच्या शेजारी. नातीला हे पटलं. मग तिने मोजत मोजत जाऊन विचारलं, "पण एकोणशंभर कुठे आहे?"

हे मला कधी जाणवलंच नव्हतं. सगळे नऊवाले ओट्यावर आणि नव्व्याण्णव एकटा स्वतःच्या नावाने राहतो. शंभराच्या दारात उभं राहूनसुद्धा मिंधेपणा नाही. संस्कृतात एकोनशत म्हणायची सोय होती, मराठीने ती घेतली नाही. मी म्हटलं, त्याने पागडी भरून खोली घेतली असणार. पागडी म्हणजे काय, हे सांगण्यात रविवारची सकाळ गेली आणि त्यातून निघालेल्या प्रश्नांत संध्याकाळ.

त्या रात्री माझी आजी आठवली. ती कोकणातून आली तेव्हा तिला शंभर हा आकडा असा माहीत नव्हता. नारळ मोजायची ते विसांनी. तीन विसा नि पाच. अडीच विसा म्हणजे पन्नास. अडीच या शब्दाचं मूळ 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धाच, आणि तिकडे डेन्मार्कमध्ये आजही पन्नासला जो शब्द आहे, त्याचाही अर्थ 'अर्धा-तिसरा वेळा वीस'. डॅनिश माणूस आणि माझी आजी नारळाच्या ढिगाशी बसले असते, तर भाषा न समजता त्यांचा हिशेब जुळला असता. आजोबांना औटकी यायची, साडेतीनचा पाढा. वडिलांना पावकी-निमकी येत होती, पण त्यांचं खरं गणित गिरणीतलं. चाळीस नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० वाराच्या चाळीस लड्या. जितका नंबर मोठा तितकं सूत बारीक. हे मी लहानपणी ऐकलं तेव्हा मोठी संख्या म्हणजे मोठी वस्तू, हा समज कायमचा सुटला. मला पाढे शाळेने दिले, तीसपर्यंत, छडीसह.

आणि परक्या वर्गाशी खेळत आकडे शिकायचे, हेही काही व्हिडिओ कॉलने आणलेलं नाही. आम्ही गल्लीत विटी-दांडू खेळायचो. अंतर मोजायचं ते वकट, लेंड, मूंड, नाल असं. हे शब्द कुठले, कोणी विचारलं नाही, आमचे वाटायचे. एकदा पलीकडच्या चाळीतले एक तेलुगू आजोबा, साच्यावर काम करणारे, आमचं मोजणं ऐकून खांबाला टेकून हसायला लागले. "अरे पोरांनो, हे आमचं आहे. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु." आम्हाला आधी खरं वाटलं नाही. मग आम्ही त्यांच्याकडून दहापर्यंत शिकलो. चारापुढचं आज आठवत नाही, पण नालुगुपर्यंत मी अजूनही तेलुगू माणूस आहे.

सोमवारी अकरा वाजता मी पुन्हा स्टँड झालो. या वेळी शर्ट इस्त्रीचा घातला होता. नात म्हणाली, तू दिसतच नाहीस. रेंज लागायला नऊ मिनिटं गेली. मग टीव्ही थरथरला, पायली दिसली, पडवी दिसली. दोन वेण्यांची मुलगी पुढेच बसली होती. नमस्कार नाही, सुप्रभात नाही. चार दिवस तोंड तसंच उघडं ठेवून थांबल्यासारखी ती म्हणाली,

"—साठ!"

साठवाल्यांनी बाकं वाजवली. सत्तरवाल्यांनी, रेंजमुळे नीट ऐकू आलं नाही, असा आक्षेप घेतला. तो फेटाळला गेला. गोंधळ निवल्यावर त्या मुलीने हात वर केला, गुरुजींनी मान हलवली, आणि तिने फोनजवळ येऊन विचारलं,

"आता सांगा. चिंचपोकळी म्हणजे किती?"

बाई हसायला लागल्या. वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. माझी नात उभी राहिली, आणि माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली,

"पाच. सीएसएमटी धरून."

"सोडून चार," मी म्हणालो.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "स्टँडने बोलायचं नाही."